काळ्या लोकरीचे चित्र



आपल्या या पत्रिकेत लागण, खोडवा, उतारा, उचल आणि वजनकाटा यांच्याबाहेरचा विषय क्वचितच येतो. आला की ‘ऊस सोडून हे काय मध्येच?’ असे विचारणारे सभासद भेटतातच. म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, की आज आम्ही लोकरीच्या चित्राविषयी लिहिणार आहोत. धुतलेली, पिंजलेली लोकर घोंगडीच्या तुकड्यावर मांडायची, काटेरी सुईने टोचून टोचून ती त्यातच मुरवायची आणि वरून साध्या टाक्यांनी भरायचे, असे हे चित्र असते. रंग नाही, कुंचला नाही, डिंकसुद्धा नाही. बायकांचा विषय म्हणून पुरुष सभासदांनी पान उलटू नये. या चित्राला लागणारी लोकर तुमच्याच रानात मुक्कामाला येते आणि तिचे पुढे काय होते, याच्याशी तुमच्या रानाचाही संबंध आहे.

ज्वारी-हरभरा निघाला आणि रानं मोकळी झाली, की लोहा, कंधार, मुखेडच्या माळावरून, तिकडे अहमदपूर-जळकोटच्या डोंगरपट्ट्यातून हटकर-धनगरांचे कळप खाली उतरतात. आपण त्यांना रानात मेंढरं बसवायला सांगतो. दोन रात्री, चार रात्री, रान मोठे असेल तर आठवडा. वाघर लावून कळप कोंडतात, सकाळी वाघर पुढे सरकवतात आणि लेंड्या-मुताचे खत रानभर सारखे पडते. हे खत वाहून न्यावे लागत नाही, पसरावे लागत नाही. जुन्या काळी याचा मोबदला धान्यात दिला जाई, आता बहुधा रोख. लागणीच्या आधी मेंढरं बसलेल्या रानातला ऊस कसा येतो, हे ज्यांनी पाहिले त्यांना आम्ही काय सांगावे!

पण त्याच कळपाची कातरणी झाली, की लोकरीचे काय होते हे आपण कधी विचारले नाही. पूर्वी घोंगडी विणणारे सणगर मेंढपाळाकडून लोकर घेत. बदल्यात पैसे, नाहीतर एखादी घोंगडी मिळे. आज पुष्कळ ठिकाणी कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा लोकरीतून सुटत नाही. मग ती बांधाला पडते, ओढ्यात जाते, नाहीतर पेटवून देतात. केस जळल्याचा वास दूरवर येतो, तो बहुतेकांच्या नाकाला ओळखीचा असेल.

असे का झाले? एक तर पानिपतची स्वस्त ब्लँकेटे खेड्यापाड्यांत आली. जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या करून, त्यांचे पुन्हा सूत काढून ती होतात. त्यांच्यामागून कृत्रिम धाग्याची आली. हलकी, रंगीत, धुवायला सोपी. घोंगडी मागे पडली आणि घोंगडीबरोबर लोकरीचा भाव गेला. दुसरे असे, की मटणाला मागणी वाढली, तेव्हा मेंढपाळानेही मांस जास्त धरणाऱ्या, लोकर नसल्यासारख्याच असलेल्या जातींचे नर कळपात घातले. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्याला भाव ते पिकवायचे, हे आपणही करतोच. आणि तिसरी गोष्ट आम्हां ऊसवाल्यांना जरा टोचणारी आहे. १९८० नंतर मांजरा प्रकल्पाचे आणि पुढे विष्णुपुरीचे पाणी आले, विहिरी-बोअर झाले, बारमाही ऊस उभा राहिला. उसाच्या रानात मेंढरू बसत नाही. पडीक रान कमी झाले तशी कळपांची वाटही अरुंद झाली.

देवणी आणि लाल कंधारी ही आपल्या भागाची जनावरे. त्यांची प्रदर्शने भरतात, बैलाच्या वशिंडावर हात ठेवून पुढारी फोटो काढतात आणि ते योग्यच आहे. पण आपल्या काळ्या दख्खनी मेंढीचे कौतुक करणारा माणूस आम्हांला अजून भेटायचा आहे. मेंढी व शेळी विकासासाठी राज्याचे महामंडळ १९७८ साली निघाले. आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या नावाने चालते आणि त्याचे एक प्रक्षेत्र आपल्या मुखेडला आहे. एवढे जवळ असूनही आपल्यापैकी कितीजण तिथे जाऊन आले असतील?

आता लोकरीकडे वळू. दख्खनी मेंढीची लोकर भरड असते. काळी, तपकिरी, करडी, मधूनच पांढरी. वर्षातून दोनदा कातरली तरी एका मेंढीची वर्षाची लोकर किलोभरसुद्धा भरत नाही. तिच्यात लोकर थोडी आणि केसच जास्त, असे म्हटले तरी चालेल. पुष्कळ केसांचा गाभा पोकळ असतो आणि असा केस रंग नीट धरत नाही. अंगाला टोचते ती हीच लोकर. ऑस्ट्रेलियाच्या मेरिनो मेंढीच्या मऊ लोकरीशी तिची बरोबरी करायला जाऊ नये. ज्वारीची भाकरी आणि मैद्याचा पाव यांची बरोबरी कोणी करते का? हिच्यातला एक प्रकार मात्र मऊ असतो. कोकराची पहिल्यांदा कातरलेली लोकर, तिला जावळ म्हणतात. जावळाची घोंगडी अजूनही जाणकार माणूस शोधत येतो आणि मागेल ती किंमत देतो. चित्राला वरच्या थरासाठी हीच लोकर उत्तम.

घोंगडी विणलेली असते हे सर्वांना ठाऊक आहे. लोकर पिंजायची, बायकांनी चरख्यावर सूत काढायचे, ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायची आणि मागावर पट्टी विणायची. पण न विणता, नुसती लोकर ओली करून, दाबून, लाटून, तुडवून एकजीव करण्याचीही रीत आपल्याकडे जुनी आहे. कोल्हापूर-सांगलीकडे अशा जाड आसनाला जेन म्हणतात. जुन्या मराठीत बुरणूस हा शब्द आहे, तोही याच घराण्यातला. काश्मिरात आणि राजस्थानात टोंकला त्याला नमदा म्हणतात. काश्मिरी कारागीर लोकरीचे थर चटईवर पसरतो, पाणी शिंपडतो, चटईची गुंडाळी करून ती पायाने मागेपुढे लोळवतो. नमदा तयार झाला, की त्यावर आरीने साखळी टाक्याची फुले-पाने भरतात. म्हणजे दाबलेली लोकर आणि तिच्यावर साधे भरतकाम, हा आपला आजचा विषय आपल्या देशात नवा नाही.

जगातही तो फार जुना आहे. रशियात अल्ताई पर्वतात पाझिरिक नावाच्या ठिकाणी १९४७ ते १९४९ या काळात जुनी थडगी खणली गेली. थडग्यांत पाणी शिरून त्याचे बर्फ झाले होते, म्हणून आतले सगळे टिकले. त्यात लोकर दाबून केलेला भिंतीवरचा एक मोठा पडदा निघाला. सिंहासनावर बसलेली देवी आणि तिच्यापुढे घोड्यावरचा स्वार, हे चित्र रंगीत लोकरीच्याच तुकड्यांचे आहे. सव्वादोन हजार वर्षांपेक्षा जास्त जुने. आज ते लेनिनग्राडच्या, म्हणजे आताच्या सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. ते करणारे लोक मेंढ्या-घोड्यांमागे फिरणारे होते. आपल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला जी माणसे जनावरे घेऊन येतात, त्यांच्याच जातकुळीचे म्हणा.

सुईने लोकर टोचण्याची रीत मात्र अलीकडची. लोकरीच्या केसावर माशासारखे बारीक खवले असतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण केस उलट्या बाजूने चिमटीतून ओढला तर बोटाला कळतात. केस एकमेकांत घुसले, की हे खवले अडकतात आणि मग ते सुटत नाहीत. पाणी, साबण आणि तुडवणे यांनी जे होते, तेच यंत्राने कोरडे करावे म्हणून युरोपात एकोणिसाव्या शतकात सुयांची यंत्रे निघाली. या सुईला नाके नसते, दोरा नसतो. टोकाकडचा भाग तीनधारी असतो आणि त्या धारांवर खाली तोंड केलेल्या बारीक खाचा असतात. सुई खाली जाताना खाचेत केस धरून नेते, वर येताना सोडून येते. बस्स, एवढेच. अशा हजारो सुया फळीला लावून कारखान्यात नमदे होत. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या हौशी लोकांनी यंत्रातली सुटी सुई हातात धरली आणि तेव्हापासून लोकरीची चित्रे, बाहुल्या करण्याचा छंद जगभर पसरला. ही सुई आता पुण्या-मुंबईच्या हस्तकलेच्या दुकानांत मिळते, मोबाईलवरून मागवली तर घरी येते. तिला क्रमांक असतात. क्रमांक मोठा तशी सुई बारीक. आपल्या भरड लोकरीला ३६ क्रमांकाची घ्यावी, वरच्या बारकाव्याला ३८. चाळिसाची सुई मेरिनोसाठी, आपल्या लोकरीत ती लवकर मोडते.

पहिले काम धुण्याचे. उसाचे जसे वजन वेगळे आणि उतारा वेगळा, तसेच लोकरीचे आहे. पोतेभर लोकर आणली म्हणून पोतेभर हाती लागत नाही. तिच्यात माती, लेंड्या, गोखरू, कुसळे आणि मेंढीच्या अंगचा मेणचट ओशटपणा असतो. आधी उन्हात झटकून, हाताने निवडून घ्यावी. मग कोमट पाण्यात रिठ्याचा फेस करून त्यात बुडवून ठेवावी. ढवळू नये, चोळू नये, पिळू नये. गरम पाण्यात चोळली, की तिचा तिथेच गोळा होतो आणि मग तो गोळा पुन्हा सुटायचा नाही. नुसती दाबून पाणी काढावे, पाणी बदलावे, तीन-चार वेळा. शेवटच्या पाण्याला गढूळपणा राहिला नाही की सावलीत बाजेवर पसरावी. निवडताना निघालेला कचरा आणि आखूड तुकडे फेकू नयेत. लोकरीत नत्र चांगले असते आणि ती सावकाश कुजते. परसात लिंबाच्या किंवा पेरूच्या आळ्यात पुरली, की झाडाला पुष्कळ दिवस पुरते आणि आळ्यात ओलही धरून ठेवते.

मग पिंजणे. पिंजाऱ्याची धनुकली आता कुठून आणणार? दोन तारांचे ब्रश घ्यावेत, कुत्र्याचे केस विंचरायला मिळतात तसे. एकावर लोकर ठेवून दुसऱ्याने विंचरावी. केस एका दिशेने सरळ झाले आणि लोकर पिंजलेल्या कापसासारखी फुगली म्हणजे काम झाले. भरड लोकरीत थोडे जावळ मिसळले तर ती लवकर धरते.

रंगाचे म्हणाल, तर काळा, तपकिरी, करडा आणि मळकट पांढरा हे चार रंग मेंढीच देते. आमचे मत असे, की पहिले चित्र या चारांतच करावे. हौस असेल तर पांढऱ्या लोकरीला तुरटीच्या पाण्यात भिजवून हळदीचा पिवळा किंवा डाळिंबाच्या सालीचा पिवळसर खाकी रंग देता येतो. किनवट-माहूरच्या रानात फाल्गुनात पळस पेटल्यासारखा फुलतो, त्याच्या फुलांचा केशरी-पिवळा निघतो. हळदीचा रंग उन्हाने उडतो, म्हणून ते चित्र उन्हाच्या भिंतीला लावू नये.

पाया म्हणून जुन्या घोंगडीचा तुकडा सर्वांत चांगला. चांगली, धडकी घोंगडी कोणी कापू नये. घोंगडीवर देव बसतात, भंडारा उधळला जातो, नवरात्रात तिच्याशेजारी घट बसतो, आणि घरातली म्हातारी माणसे कात्री पाहून बोलल्याशिवाय राहायची नाहीत. पण कसर लागून भोके पडलेली, माळ्यावर टाकलेली एखादी घोंगडी बहुतेक घरांत निघतेच. तिच्यातला हातभर लांब, दीड वीत रुंद असा धड तुकडा काढावा. खाली गादी लागते, नाहीतर सुई पाटावर आपटून मोडेल. बाजारात फोमची मिळते. त्याहून बरी म्हणजे जुन्या साखरेच्या गोणपाटाची उशी. तागाच्या पोत्याचा तुकडा दुहेरी शिवून त्यात तांदूळ गच्च भरावेत. सुई तांदळात सहज शिरते आणि गादी वर्षानुवर्षे टिकते.

खडूने घोंगडीवर चित्र काढून घ्यावे. काय काढावे? कॅलेंडरवरचे हिमालय आणि हंस काढायचा मोह होतो. तो आवरावा. आपल्याकडची काळी लोकर म्हणजे आपली काळी जमीनच आहे. चित्राचा खालचा तिसरा हिस्सा नुसत्या काळ्या लोकरीचा करा, मधून तपकिरी रेघांच्या सऱ्या काढा, की मराठवाड्याचे रान समोर उभे राहते. मागे करड्या लोकरीचा बालाघाटाचा डोंगर. वर मळकट पांढरे आभाळ, वैशाखातले. एका बाजूला ऊस आणि दुसऱ्या बाजूला वाघरीत बसलेली मेंढरं.

लोकर एकदम जाड थापू नये. केसांचा पातळ थर ठेवावा, कडेने टोचून बसवावा, मग मध्ये यावे. सुई सरळ खाली, सरळ वर. तिरपी गेली आणि तशीच उचकटली तर मोडते आणि मोडलेले टोक लोकरीत सापडत नाही. पहिला थर धरला की दुसरा, त्यावर तिसरा. दर थोड्या वेळाने चित्र गादीवरून सोडवून घ्यावे, नाहीतर ते खालच्या गोणपाटालाच शिवले जाते. बोटाने ओढून पाहावे. लोकर सुटून आली तर अजून टोचायला हवे. आपल्या लोकरीला मेरिनोपेक्षा बराच जास्त वेळ टोचावे लागते, आणि एवढे करूनही काही केस वर ताठ राहतातच. ते कात्रीने छाटावेत, नाहीतर मेंढरांच्या अंगावर तसेच ठेवावेत. छान दिसतात. सुई बोटात गेली तर खाचांमुळे साध्या सुईपेक्षा जास्त झोंबते. डाव्या हाताच्या अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला चामड्याची नाहीतर जाड कापडाची टोपी घालावी. लहान पोरांच्या हाती ही सुई देऊ नये.

उसासाठी लोकर नको, तिथे दोरा हवा. हिरव्या दोऱ्याचा दांडीटाका घालून कांडे आणि लांब पाती काढावीत, खाली पिवळट दोऱ्याने पाचट. वर पांढऱ्या जावळाची जराशी झुपकी टोचली की उसाला तुरा येतो. तुरा पाहून आमच्या शेतकी खात्याच्या कपाळाला आठी पडेल, पण चित्रातल्या तुऱ्याने उतारा घटत नाही! मेंढ्यांचे डोळे गाठीटाक्याचे. वाघरीची जाळी उलट्या टिपेची, आणि वाटा, बांध धावदोऱ्याचे.

धावदोरा शिकवायला कोणी लागत नाही. आपल्या घरात जी वाकळ आहे ती सगळी धावदोऱ्याचीच. जुन्या लुगड्यांचे थर लावून, चारी बाजूंनी आत आत जात आपल्या आया-आज्यांनी उन्हाळ्याच्या दुपारी ज्या वाकळी शिवल्या, त्यांतला टाका मोजून पाहा. सुताला सूत. आपल्याला भरतकाम येत नाही असे म्हणणाऱ्या बाईने आधी घरातली वाकळ उलगडून पाहावी.

पण टाक्यांची खरी श्रीमंती दुसरीकडे आहे, आणि ती दर हंगामात आपल्या फडात येते. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, हा हिशेब आपण रोज लिहितो. त्या कोयत्यांत तांड्यांवरच्या बंजारा बायका पुष्कळ असतात. त्यांची कांचळी, फेटिया, टुकरी ज्याने जवळून पाहिली, त्याला लाल-निळ्या कापडावरचे ते काम विसरता यायचे नाही. आरसे, कवड्या, जुनी नाणी आणि त्यांच्या भोवती इतके घट्ट टाके, की खालचे कापड दिसू नये. आरसा कापडाला भोक न पाडता, नुसत्या दोऱ्याच्या चौकटीत अडकवून बसवायचा, हे काम शाळेत शिकवलेल्या भरतकामात येत नाही. कर्नाटकात सांडूरच्या लमाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तिथल्या बायका त्याच टाक्यांवर पोट भरतात. आपल्याकडे त्याच टाक्यांच्या बायका पहाटे अंधारात फडावर जातात, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडीत चढवतात आणि रात्री कोपीसमोर चूल पेटवतात. सुई हातात धरायला वेळ कुठला? तरुण पोरी साडी किंवा पंजाबी ड्रेस घालतात, आणि आजीची कांचळी व्यापारी येऊन घेऊन जातो. तिचे तुकडे मोठ्या शहरांतल्या दुकानांत पिशव्यांवर चिकटलेले दिसतात.

म्हणून आमची सूचना अशी. लोकरीचे काम आपल्या गावच्या बचत गटाने हाती घेतले, तर भरण्याचे शिकवायला तांड्यावरच्या एखाद्या वयस्क याडीला बोलवावे. हंगाम संपून टोळ्या गावी परतल्या, की वैशाख-ज्येष्ठात त्यांना थोडी सवड असते. पण बोलवायचे ते शिक्षिका म्हणून, दिवसाची मजुरी आणि जाण्या-येण्याचे भाडे देऊन. ‘जरा दाखवून जा’ म्हणून नव्हे. काळ्या लोकरीवर आरसा किती उठून दिसतो, हे एकदा बसवून पाहावे. माळावरची रात्र आणि चांदण्या काढायच्या असतील तर दुसरे काही लागतच नाही.

आता हिशेब, कारण आपल्या सभासदाला शेवटी तोच लागतो. एका चित्राला लोकर लागते ओंजळ-दोन ओंजळी. मेंढपाळाकडे असतात पोती. तेव्हा चित्रांनी त्याची लोकर संपेल आणि कळप वाचतील, असे आम्ही म्हणणार नाही. चित्राचा उपयोग वेगळा आहे. फुकट जाणाऱ्या लोकरीला किंमत आहे, हे ते दाखवते, आणि ज्या हातांनी चित्र केले ते हात पुढे आसने, जेन, पायपुसणी, खोगिराखालचे नमदे करू शकतात. त्यात पोत्याने लोकर लागते. पण या सगळ्याची पहिली अट ही, की लोकर मेंढपाळाकडून विकत घ्यावी. ‘फेकतोच आहे, तर दे’ हा व्यवहार नव्हे. कातरणाऱ्याची मजुरी सुटून वर दोन पैसे राहतील एवढा दर किलोमागे ठरवावा, आणि जावळाला त्याच्या दुप्पट-तिप्पट. उसाला भाव मिळावा म्हणून आपण पिढ्यान्‌पिढ्या भांडलो. समोरच्याच्या मालाचा भाव ठरवायची पाळी आपल्यावर आली, की आपण कसे वागतो, हे त्या बांधावरच्या व्यवहारात दिसेल.

चित्राची किंमत काढताना तासांची नोंद ठेवावी. हातभर चित्राला सराव असलेल्या बाईचेही चार-पाच दिवस जातात. खुरपणीला दिवसाची जी मजुरी चालू असेल, तेवढी तरी प्रत्येक दिवसाला धरा. त्यात लोकर, दोरा, मोडलेल्या सुया आणि चौकट मिळवा. होणारा आकडा ऐकून शेजारीण ‘अगं बाई!’ म्हणेल. म्हणू द्या. त्याहून कमी किमतीला विकायचे असेल तर विकू नये, घरात लावावे, लेकीच्या लग्नात द्यावे. गावच्या बाजारात हे चित्र विकले जाणार नाही, हेही स्पष्ट सांगतो. ते मुंबईच्या सरससारख्या प्रदर्शनात जाते, नाहीतर एखाद्या कार्यालयाच्या भिंतीवर. १९७५ साली सुरू झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि आताचे उमेद अभियान यांच्याकडे बचत गटांना प्रदर्शनाला नेण्याची सोय असते, ती विचारून घ्यावी. माळेगावच्या यात्रेला मार्गशीर्षात जाणार असाल तर मात्र मोठी चित्रे नेऊ नयेत. तिथे तळहाताएवढी मेंढरं, घोड्याच्या गळ्यातले गोंडे, मोबाईलच्या पिशव्या अशा वस्तू न्याव्यात.

तयार चित्र उलटे करून मागे मांजरपाट शिवावा. काच लावायची तर लोकरीला टेकू देऊ नये, आतल्या दमटपणाने ती दबते आणि तिला वास येतो. काच नसेल तर कसर लागण्याची भीती. कसर लोकरीलाच लागते, वरच्या सुती दोऱ्याला नाही, त्यामुळे चित्रातली जमीन आणि मेंढरं खाल्ली गेली आणि ऊस तेवढा शिल्लक राहिला, असेही होऊ शकते! पावसाळ्यानंतर एकदा चित्र उतरवून कोवळ्या उन्हात ठेवावे, मऊ ब्रशने झटकावे, मागे कडुलिंबाचा सुका पाला ठेवावा.

ज्यांच्या रानात यंदा मेंढरं बसणार आहेत, त्यांनी कातरणीचा दिवस मेंढपाळाला आधीच विचारून ठेवावा, आणि कातरण्यापूर्वी कळप ओढ्यात किंवा कालव्याच्या पाण्यात धुऊन घेण्यासाठी त्याला वाट द्यावी. धुतलेल्या मेंढीची लोकर निम्मी साफ आलेली असते. जावळ वेगळे बांधायला सांगावे. काळी, तपकिरी आणि पांढरी लोकर एकाच पोत्यात कोंबली, की पुन्हा वेगळी होत नाही. तेव्हा कातरणीच्या वेळी तीन पोती घेऊन घरातल्या कोणीतरी तिथे बसावे. जाताना चहाची किटली न्यावी.